आभासी वर्गातील सहयोगी अध्ययन

इ. स. १७८९ मध्ये मद्रास शहराच्या एग्मोर भागात सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी एक आश्रमशाळा सुरू झाली. अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे तिची देखरेख सोपविण्यात आली होती. शाळेतील शिक्षक मुलांना अक्षरओळख करून देण्यात फारसे यशस्वी होत नव्हते. एकदा बेल यांच्या दृष्टीस मलबारी मुलांची एक देशी शाळा पडली. तेथील मुले जमिनीवर वाळू पसरून तीत बोटाने अक्षरे गिरवीत होती. महाराष्ट्रातील वाचकाला या प्रकाराची ओळख करून देण्याचे कारण नाही. धूळपाटीवरची धुळाक्षरे ती हीच. बेल यांनी हीच रीत आपल्या शाळेत आणावयाचे ठरविले; परंतु त्यांच्या हाताखालचा शिक्षक तिला राजी होईना. तेव्हा त्यांनी ते काम जॉन फ्रिस्केन नावाच्या सुमारे आठ वर्षांच्या विद्यार्थ्यावर सोपविले, आणि त्या मुलाने ते शिक्षकापेक्षा चांगले करून दाखविले. पुढे सबंध शाळाच या तत्त्वावर चालू लागली. एक मुलगा शिकवील, दुसरा शिकेल. १७९७ साली बेल यांनी या प्रयोगाचे वर्णन लंडनमध्ये प्रसिद्ध केले. १७९८ मध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी तेथेच जवळपास अशाच धर्तीची शाळा काढली. ‘मद्रास पद्धती’ या नावाने हा विचार पाहता पाहता दूरवर पसरला.

विद्यार्थी विद्यार्थ्याकडून शिकतो ही कल्पना परक्या देशातून अलीकडे आलेली नव्हे, हे यावरून ध्यानात यावे. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेतही थोरल्या मुलाने धाकट्यांकडून पाढे आणि उजळणी घोकून घ्यावी अशी प्रथा होतीच. तथापि बेल यांच्या प्रयोगाची आठवण येथे केवळ अभिमानापोटी केलेली नाही. त्या पद्धतीत एक वैगुण्य होते, आणि आज संगणकाच्या पडद्यावर जे शिक्षण दिले जाते त्यात नेमके तेच वैगुण्य नव्या वेषात शिरू पाहत आहे.

मद्रास पद्धतीचे मोठे आकर्षण होते तिचा स्वस्तपणा. एका शिक्षकाच्या जोरावर शेकडो मुलांची शाळा चालविता येई. मुलाने मुलाला शिकवावयाचे ते काय, तर शिक्षकाने आधीच सांगून ठेवलेले. गुरूचा शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाई. वाटेत त्यात कशाची भर पडत नसे, आणि तशी ती पडावी अशी अपेक्षाही नसे. आज एखाद्या अभ्यासक्रमाला दहा हजार विद्यार्थी नाव नोंदवितात आणि ‘शंका असल्यास आपापसांत चर्चा करा’ असे त्यांना सांगितले जाते. तेव्हा या सूचनेच्या मागे अध्यापनशास्त्र आहे की काटकसर, हे तपासून पाहिले पाहिजे. काटकसर हा दुर्गुण नव्हे. परंतु काटकसरीला सहयोग असे नाव दिले म्हणजे तिच्यातून सहयोग निपजतो असेही नाही.

संज्ञेविषयी येथे थोडा खुलासा करणे आवश्यक आहे. मराठीत ‘सहकार’ हा शब्द साखर कारखाने, पतपेढ्या आणि गृहनिर्माण संस्था यांनी इतका व्यापला आहे की तो उच्चारताच आधी भागभांडवल डोळ्यांपुढे येते. तरीही त्या शब्दातील मूळ कल्पना उपयोगाची आहे. सहकारात काम वाटून घेतले जाते, ज्याचा त्याने आपला वाटा पुरा करावयाचा, आणि शेवटी सर्व वाटे एकत्र आणावयाचे. सहयोगाचे तसे नाही. सहयोगात प्रश्नच सर्वांचा मिळून एक असतो, आणि त्या प्रश्नाचा अर्थ काय याविषयीची समजूत सर्वांनी मिळून घडवावी व सांभाळावी लागते. जेरेमी रोशेल व स्टेफनी टीझली या अभ्यासकांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, संगणकावर वेग आणि त्वरण यांचा उलगडा करू पाहणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या संभाषणाचे बारकाईने विश्लेषण करून हाच मुद्दा मांडला आहे. ती मुले एकमेकांना ‘शिकवीत’ नव्हती. अर्धवट वाक्ये, खुणा, दुरुस्त्या, ‘म्हणजे असं का?’ अशा पृच्छा यांतून दोघांच्या मनांत एकच चित्र हळूहळू तयार होत होते. चार विद्यार्थ्यांनी निबंधाचे चार परिच्छेद वाटून घेतले आणि रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर एकत्र जोडले, तर तो सहकार झाला. फार तर बरा सहकार झाला. प्रस्तुत प्रकरणाचा विषय तो नव्हे.

आता आपण एग्मोरहून लोहमार्गाने दक्षिणेकडे तांबरमला येऊ. मद्रास बीच ते तांबरम ही उपनगरी विद्युत गाडी १९३१ पासून धावू लागली. त्यानंतर सहा वर्षांनी, १९३७ मध्ये, मद्रास ख्रिश्चन कॉलेज हे शंभर वर्षांचे जुने विद्यालय जॉर्ज टाऊनच्या दाटीतून उठून तांबरमच्या माळावर आले. सेलैयूर, सेंट थॉमस आणि बिशप हेबर या नावांची तीन वसतिगृहे तेथे नावारूपास आली, आणि आवारातील झाडी वाढविण्याकडेही आवर्जून लक्ष दिले गेले. पुढे तांबरमच्या आसपास इतर महाविद्यालये निघाली, वस्ती वाढली, आणि २०२१ साली तांबरम ही स्वतंत्र महानगरपालिका झाली. परंतु वसतिगृह, झाडांखालचे बाक आणि उपनगरी गाडीचा डबा ही जी त्रयी आहे, ती तेथील विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा अलिखित भाग होऊन राहिली.

या अलिखित भागाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. व्याख्यानात न कळलेला मुद्दा जेवणाच्या टेबलावर कळतो. प्रमेयाची एक पायरी वहीत सुटलेली असते ती गाडीत शेजारी बसलेल्याच्या वहीतून भरून निघते. ज्याला वर्गात हात वर करण्याचा धीर होत नाही तो खोलीतल्या सोबत्याला निःसंकोच विचारतो. यातील कोणतीही गोष्ट शिक्षकाने योजलेली नसते आणि वेळापत्रकातही नसते. ती फुकट मिळते म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवीत नाही. मार्च २०२० मध्ये देशभरची वसतिगृहे रिकामी झाली तशी तांबरमचीही झाली. विद्यार्थी आपापल्या गावी गेले, कोणी ईशान्य भारतात, कोणी केरळात, कोणी तमिळनाडूच्या आतल्या जिल्ह्यांत. व्याख्याने पडद्यावरून पुन्हा सुरू झाली. जे गेले ते व्याख्यान नव्हते. हा अलिखित भाग गेला. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला त्याची झळ सर्वांत अधिक लागली, कारण ज्याच्या घरी विचारण्याजोगे दुसरे कोणी नाही त्याला सोबती हाच एक आधार असतो.

व्याख्यान दूरवर पोचविण्याची कला भारताला नवी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर ‘देशव्यापी वर्ग’ सुरू केला, आणि पुण्यासारख्या ठिकाणच्या केंद्रांतून त्यासाठी कार्यक्रम तयार होऊ लागले. २००३ पासून आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटीईएल हा उपक्रम चालविला. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ आले, आणि २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे श्रेयांक अशा अभ्यासक्रमांतून मिळविण्याची मुभा विद्यापीठांना देण्यात आली. हे काम मोठे आहे. मात्र या सर्वांचा प्रमुख भर चांगले व्याख्यान सर्वत्र पोचविण्यावर राहिला आहे. तांबरमहून शहराकडे परतताना वाटेत जो गिंडीचा परिसर लागतो, तेथील आयआयटी मद्रासने २०२० साली आभासी पद्धतीने पदवी देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. त्यातील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. देशभर विखुरलेल्या हजारो विद्यार्थ्यांची विभागणी अरण्यांची व अभयारण्यांची नावे असलेल्या ‘हाउसां’त केलेली आहे. कान्हा, गीर, काझीरंगा, सुंदरबन अशी ही नावे. वसतिगृह नसलेल्या पदवीला वसतिगृहाची आठवण व्हावी, यातच सर्व काही आले.

परंतु नाव देऊन, गट पाडून आणि बोलण्याची सोय करून देऊन काम भागते काय? कारेल क्राइन्स, पॉल किर्शनर आणि विम योकेम्स या डच अभ्यासकांनी २००३ मध्ये दोन गफलतींकडे लक्ष वेधले. यंत्राने संवाद शक्य झाला म्हणजे तो होईलच असे धरून चालणे ही पहिली गफलत. संवाद घडवावयाचा तो केवळ अभ्यासापुरता असे मानून ओळखपाळख, थट्टामस्करी, विश्वास यांना वाव न ठेवणे ही दुसरी. दुसरी गफलत मला अधिक घातक वाटते, कारण ती सद्‌हेतूने केली जाते. गंभीर शिक्षकाला वाटते की वेळ थोडा आहे, मुलांनी तो कामालाच लावावा. मग चार अनोळखी मुले पडद्यावर एकत्र येतात, कॅमेरे बंद ठेवतात, आणि त्यांपैकी एकजण सर्वांचे काम उरकून टाकतो.

कॅनडातील रँडी गॅरिसन, टेरी अँडरसन आणि वॉल्टर आर्चर यांनी २००० साली या प्रश्नाची मांडणी तीन ‘उपस्थितीं’च्या रूपाने केली. विचाराची उपस्थिती हवी, माणसांची एकमेकांना जाणवणारी उपस्थिती हवी आणि शिक्षकाची उपस्थिती हवी. तिहींतून एक जरी गळली तरी उरलेल्या दोघी लंगड्या पडतात. ही मांडणी उपयुक्त आहे, पण ती काय हवे ते सांगते; कसे घडवावे हे सांगत नाही. ते कामाच्या स्वरूपावर अवलंबून असते. म्हणून येथे एकच काम घेऊन त्याची जुळणी सविस्तर पाहणे इष्ट ठरेल. हे काम तांबरमच्या मातीतलेच आहे.

तमिळ घरांच्या उंबऱ्यापुढे पहाटे सडा टाकून तांदळाच्या पिठीने जी रांगोळी काढतात तिला कोलम म्हणतात. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, ही कोलमे विशेष मोठी व देखणी असतात. तिच्या एका प्रकारात आधी ठिपके मांडतात आणि मग एक रेषा त्या ठिपक्यांना वळसे घालीत, स्वतःलाच छेदीत, फिरून आरंभाला येऊन मिळते. आपल्याकडील ठिपक्यांच्या रांगोळीत बहुधा ठिपके जोडतात. येथे ठिपक्याला स्पर्श न करता त्याला वेढावयाचे असते. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक गिफ्ट सिरोमनी (१९३२–१९८८) यांना या आकृत्यांत गणित दिसले. रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये कोलमच्या आकृत्यांचे ‘व्याकरण’ मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. भाषेतील वाक्ये जशी थोड्या नियमांतून निर्माण होतात तशा या आकृत्याही नियमांतून निर्माण करता येतात, हा त्याचा आशय. संगणकशास्त्रातील चित्रभाषांच्या अभ्यासात या कामाचा उल्लेख आजही होतो. उंबऱ्यावरची विद्या, महाविद्यालयातील विद्या आणि तिघांनी मिळून केलेला विचार यांचा येथे संगम झाला होता.

या कोलममधून पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न काढता येतो. ठिपके आयताकृती मांडा, समजा २ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३ ठिपके. नियम असा की शेजारच्या कोणत्याही दोन ठिपक्यांच्या मधोमध रेषा एकमेकींना तिरप्या छेदतील, कडेला आल्यावर वळून परत फिरतील, आणि एकही ठिपका वेढ्यावाचून राहणार नाही. सर्व आकृती पुरी होण्यास किती स्वतंत्र बंद रेषा लागतील? २ × ३ च्या मांडणीला एकच रेषा पुरते. २ × २ ला दोन लागतात. ही संख्या आधीच सांगता येईल असा नियम आहे काय?

गटात चार विद्यार्थी घ्यावेत आणि प्रत्येकाला वेगळ्या मांडण्या द्याव्यात. पहिल्याला २ × २, ३ × ३ आणि ४ × ४. दुसऱ्याला २ × ३, ३ × ४ आणि ४ × ५. तिसऱ्याला २ × ४, २ × ६ आणि ३ × ६. चौथ्याला ३ × ५, ३ × ७ आणि ४ × ६. चौघांनी आपापल्या घरी, कागदावर, पेन्सिलीने आकृत्या काढावयाच्या, रेषा मोजावयाच्या, आणि आपल्याला कोणता नियम दिसतो तो एका वाक्यात लिहून आकृत्यांच्या छायाचित्रांसह पाठवावयाचा. इतरांनी काय पाठविले ते आपले पाठविल्याखेरीज दिसू नये अशी व्यवस्था बहुतेक सर्व शैक्षणिक संगणक-प्रणालींत करता येते. ती आवर्जून करावी.

काय घडते पाहा. पहिल्याला २, ३, ४ अशी उत्तरे मिळतात. तो म्हणतो, बाजूत जितके ठिपके तितक्या रेषा. दुसऱ्याला तिन्ही वेळा १ मिळतो. तो म्हणतो, रेषा नेहमी एकच. तिसऱ्याला २, २, ३ मिळतात. त्याच्या मते लहान बाजूइतक्या रेषा. चौथ्याला १, १, २ मिळतात. त्याला वाटते, दोन्ही संख्या विषम असतील तर एक रेषा आणि सम असतील तर दोन. चौघेही आपापल्या पुराव्यापुरते बरोबर आहेत आणि चौघांचेही नियम चूक आहेत. पहिल्याचा ३ × ३ चौथ्याचा नियम मोडतो, चौथ्याचा ४ × ६ तिसऱ्याचा नियम मोडतो, आणि दुसऱ्याचा नियम तर कोणीही मोडू शकतो. बारा मांडण्या एका तक्त्यात आल्या की मग हळूहळू लक्षात येते की रेषांची संख्या म्हणजे ओळींच्या आणि ठिपक्यांच्या संख्यांचा मसावि होय. शाळेत सहावी-सातवीत घोकलेला मसावि येथे पिठीच्या रेषेतून पुन्हा भेटीला येतो.

या जुळणीतील एकेका गोष्टीमागे कारण आहे. एकट्याने हा प्रश्न सुटणार नाही असे नव्हे. हुशार विद्यार्थी बारा मांडण्या स्वतः काढू शकेल. परंतु कामाच्या आरंभी कोणाजवळही सगळा पुरावा नसतो आणि प्रत्येकाजवळ इतरांना हवा असलेला काही पुरावा असतो. टेक्सासमधील ऑस्टिन शहरात १९७१ साली एलियट ॲरन्सन यांनी वर्णभेदाने दुभंगलेल्या शाळांतून हेच तत्त्व वापरले होते. पाठाचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक तुकडा द्यावयाचा, म्हणजे ज्याला कोणी विचारीत नाही त्याचेही ऐकावे लागते. आपल्या कामात एक पाऊल पुढे टाकले आहे. तेथे तुकडा वाचून सांगावयाचा असे. येथे तुकड्यावरून प्रत्येकजण एक मत बनवितो, आणि ती मते एकमेकांवर आदळतात. मत आधी लिहून दिलेले असल्यामुळे ते सोडताना कारण सांगावे लागते. शिवाय चूक ठरण्यात कमीपणा उरत नाही, कारण चौघेही चुकलेले असतात. बुजऱ्या विद्यार्थ्याला तोंड उघडावयास याहून अनुकूल क्षण क्वचितच मिळेल.

विखुरलेपण येथे अडचण राहत नाही हेही पाहण्याजोगे आहे. सर्वांना एकाच खोलीत बसविले असते तर त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत एकमेकांच्या कागदांत डोकावून घेतले असते आणि त्यांतील सर्वांत जलद मुलाचा नियम सर्वांचा झाला असता. दुरावा हा विचाराला थोडा अवकाश देतो. आभासी वर्गाने आपल्या या गुणाचा लाभ घेतला पाहिजे. प्रत्यक्ष वर्गाची हुबेहूब नक्कल करण्याच्या हव्यासात तो गुण वाया जातो.

साधनांविषयी थोडक्यात. या कामाला कागद, पेन्सिल आणि छायाचित्र काढू शकणारा एक मोबाइल एवढेच लागते. घरातील एकच मोबाइल वडील कामावरून परतल्यावर हाती येत असेल तर काम त्या वेळेला झाले पाहिजे. म्हणून एकत्र भेटीचा भाग वीस मिनिटांवर नेऊ नये आणि उरलेले सर्व ज्याच्या त्याच्या सवडीने दोन-तीन दिवसांत पुरे व्हावे. चालत्या चित्रापेक्षा आवाज आणि आवाजापेक्षा लिखित मजकूर कमी इंटरनेट खातो. कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती करू नये. एका खोलीच्या घरात कॅमेऱ्यामागे कोण असते आणि त्याला दिसावेसे वाटते की नाही, हा विचार शिक्षकाने केलाच पाहिजे. घरची कोलमे टिपून पाठवा अशी सक्ती करणेही त्याच कारणाने गैर ठरेल. सर्वांच्याच घरापुढे कोलम नसते, आणि वर्गात नाना धर्मांची व प्रांतांची मुले असतात. ज्याची आजी कोलम काढते त्याने तिला आपण होऊन विचारावे. तिच्या बोटांना ठाऊक असलेली गोष्ट गटाच्या उपयोगी पडेल. शिक्षकाने त्याला केवळ दार उघडे ठेवावयाचे.

भाषेच्या बाबतीत अशीच मोकळीक असावी. तांबरमच्या एका वर्गात तमिळ, मलयाळम, तेलुगू आणि ईशान्येकडील कितीतरी भाषा नांदत असतात. विचार करताना माणूस अडखळतो, आणि परक्या भाषेत तो दुप्पट अडखळतो. गटातील बोलणे ज्या भाषेत चालेल त्या भाषेत चालू द्यावे. अखेरचा निष्कर्ष तेवढा शिक्षणाच्या भाषेत लिहून घ्यावा. महाराष्ट्रातील महाविद्यालयांनाही ही सूचना लागू आहे. वर्गात इंग्रजी आणि कट्ट्यावर मराठी अशी जी फाळणी आपण निमूटपणे स्वीकारली आहे, तिच्यामुळे विचाराचा बराचसा भाग कट्ट्यावरच राहून जातो.

शिक्षकाची उपस्थिती म्हणजे देखरेख नव्हे आणि अनुपस्थिती म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. गटाने तक्ता मांडला, नियम हाती येईना, आणि संभाषण थंडावले, अशा वेळी नियम सांगून टाकण्याचा मोह होतो. त्याऐवजी एक प्रश्न पुरे होतो: ‘४ × ६ ला दोनच रेषा का लागल्या असतील, चार का नाहीत?’ हा प्रश्न केव्हा टाकावा हे ठरविण्यासाठी गटाचे बोलणे रोज वाचावे लागते. बारा गट असतील तर ते दररोज तासाभराचे काम होईल. ज्या संस्था आभासी शिक्षणाकडे खर्च वाचविण्याचे साधन म्हणून पाहतात त्यांच्या अंदाजपत्रकात हा तास नसतो, आणि बेल यांच्या आश्रमशाळेचा हिशेब तेथे पुन्हा मांडला जातो. एका शिक्षकाला वाचता येतील तेवढेच गट असावेत, हे बंधन पाळता येत नसेल तर सहयोगी अध्ययनाची घोषणा न करता सरळ व्याख्याने द्यावीत. ते अधिक प्रामाणिक होईल.

उरला गुणांचा प्रश्न, ज्यावरून विद्यार्थ्यांत सर्वांत अधिक कटुता येते. दोरखेचीत माणसे वाढली की दरडोई जोर कमी होतो, हे फ्रेंच शेती अभियंता माक्सिमिलियाँ रिंगेलमान यांनी १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रयोगांत दाखविले होते. पडद्याआड हा जोर आणखी कमी होतो, कारण कोण ओढतो आहे ते दिसतच नाही. सर्वांना सारखे गुण दिले तर राबणारा नाराज होतो. ज्याचे त्याला वेगळे गुण दिले तर कोणी कोणाला मदत करीत नाही. मला मान्य होणारी तोड अशी. काही गुण आधी स्वतंत्रपणे पाठविलेल्या आकृत्यांना व नियमाला द्यावेत, मग तो नियम चूक असला तरी चालेल. काही गुण गटाच्या तक्त्याला व त्यावरील युक्तिवादाला द्यावेत. आणि उरलेले गुण पाच मिनिटांच्या तोंडी परीक्षेवर अवलंबून ठेवावेत. तीत चौघांपैकी कोणाही एकाला, आयत्या वेळी निवडून, एखाद्या न पाहिलेल्या मांडणीविषयी, समजा ६ × ९ विषयी, विचारावे आणि त्याचे उत्तर सर्वांचे धरावे. कोणाला विचारले जाईल हे ठाऊक नसल्यामुळे समजलेल्याला न समजलेल्याची काळजी वाहावी लागते. वसतिगृहात हे स्नेहापोटी घडत असे. येथे आरंभी ते गुणांपोटी घडेल. दोन-तीन कामांनंतर गट तेच राहिले तर स्नेहही येतो, म्हणून सत्रभर गट बदलू नयेत. एखादा विद्यार्थी लागोपाठ दोन दिवस दिसला नाही तर त्याला दूरध्वनी करावयाचे काम गटातील एकाकडे आळीपाळीने असावे. हे काम वरकरणी अभ्यासाचे नाही, परंतु ते न केल्यास चवथा विद्यार्थी कधी गळाला हे सत्र संपेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

मसावि हाती आल्यावर काम संपवू नये. गटांना दुसरा प्रश्न द्यावा. एखाद्या ठिकाणी दोन रेषा एकमेकींना छेदतात तेथे छेद न देता त्यांना वळवून परस्परांपासून दूर नेले तर काय होईल? कधी बंद रेषांची संख्या एकने घटते, कधी एकने वाढते, कधी तेवढीच राहते. ३ × ३ च्या कोलमला तीन रेषा लागतात. ते एकाच अखंड रेषेत बसवावयाचे असेल तर कोणत्या दोन जागी वळण घ्यावे, आणि अशा जोड्या किती निघतात, याचा शोध या वेळी चौघांनी एकाच आकृतीवर करावयाचा आहे; प्रत्येकाने एक छेद बदलून आकृती पुढच्याकडे पाठवावयाची.